बाह्या टाचलेल्या असताना

छावणीच्या मोठ्या दरवाजातून आत शिरले की डाव्या हाताची तिसरी खोली शिंप्याची. खोलीवर पाटी नव्हती. ज्यांना तेथे काम असे त्यांना ती ठाऊक होती, आणि ज्यांना ठाऊक नव्हती त्यांना पहारेकरी दरवाजातून आतच सोडत नसे. तेव्हा पाटीवाचून कोणाचे अडले नाही. त्या खोलीत एकतीस वर्षे एकच गृहस्थ बसत आले. त्यांना सारे मास्तर म्हणत. जवान म्हणत, अधिकारी म्हणत, आणि घरी पाहुणे आले म्हणजे त्यांची पत्नीही ‘आमचे मास्तर’ असाच त्यांचा उल्लेख करी.

मास्तरांचा देह कृश, नजर बारीक आणि बोलणे अगदी मोजके. मोजके बोलण्याला स्वभाव कारण होता, पण त्याहून अधिक कारण होता व्यवसाय. ही विद्या त्यांना सासऱ्यांकडून लाभली. सासरेही त्याच खोलीत बसत. त्यांनी जावयाला पहिल्याच दिवशी सांगितले की टाचणी तिरपी खोचावी आणि उरलेल्या टाचण्या ओठांत धराव्यात. टाचण्यांसाठी मनगटावर बांधायची कापडी उशी मिळते हे जावयाने नम्रपणे निदर्शनास आणले. सासरे म्हणाले, उशीने हात मोकळा होतो, पण तोंडही मोकळे राहते. आणि मोठ्या माणसांचे कपडे शिवणाऱ्याला ते परवडत नाही.

मास्तरांनी ही आज्ञा व्रतासारखी पाळली. कोट अंगावर चढवून आरशापुढे उभे राहिले की मोठी माणसे फार बोलतात. शेजारचा मनुष्य ओठांत आठ टाचण्या धरून आहे, म्हणजे तो उत्तर देणार नाही; आणि जो उत्तर देत नाही त्याला ऐकूही येत नसावे, अशी त्यांची सोयीस्कर समजूत होते. कोणाची बदली कोणी अडवली, कोणाच्या मेहुण्याला कोणते कंत्राट मिळाले, हे सर्व मास्तरांच्या कानांवरून गेले आणि खोलीच्या उंबरठ्याशी थांबले. घरी पत्नीने कधी छेडले, तर ते म्हणत की आज काही विशेष नाही. एकतीस वर्षांत छावणीत काही विशेष घडले नाही, असे त्या बाईंचे प्रामाणिक मत होते.

मापांच्या वहीवरून मात्र मास्तरांनी एक सिद्धांत काढला होता. पद माणसाला मोठे करते हे शास्त्रकारांचे म्हणणे त्यांना मान्य होते, कारण त्यांच्याकडे त्याचा पुरावा इंचांत होता. बढतीगणिक कमरेस दीड इंच, हे त्यांचे प्रमाण. एकतीस वर्षांत ते दोनदाच चुकले. एकदा आजारपणामुळे आणि एकदा प्रामाणिकपणामुळे.

छावणीत मास्तरांचा एकच हुकूम चाले. कच्च्या शिलाईचा कोट ट्रायलसाठी अंगावर घातला, की त्याच्या बाह्या खांद्याशी नुसत्या टाचलेल्या असतात. हात उचलला की टाचण्या निसटतात, खांद्याची रेघ मोडते आणि सारे काम मुळापासून करावे लागते. म्हणून समोर कोणीही असो, मास्तर म्हणत, “हात सोडा, साहेब.” हात सोडायचे म्हणजे दोन्ही बाजूंना लोंबते ठेवायचे, मग नाकावर माशी बसली तरी बेहत्तर. छावणीचे सर्वोच्च अधिकारी, ज्यांना सगळे मोठे साहेब म्हणत, तेदेखील हा हुकूम निमूटपणे मानीत. आणि मेजवानीत पाहुण्यांना कौतुकाने सांगत की छावणीत आपल्याला आज्ञा करणारा एकच इसम आहे, तो म्हणजे आपला शिंपी.

त्या खोलीत फोन बसवून घेतला तोही मोठ्या साहेबांनीच. त्यांच्या ट्रायलला दीड तास लागे, आणि तेवढा वेळ छावणीने साहेबांच्या आज्ञेवाचून राहावे हे त्यांना प्रशस्त वाटेना. फोन भिंतीवर बसला, तार लांब घेतली. गेली चार वर्षे तो बहुधा साहेबांच्या घरून वाजे.

तो दिवस मंगळवार होता. सकाळी साडेदहाला मोठे साहेब समारंभाच्या कोटाच्या ट्रायलसाठी आले. पंधरवड्यावर त्यांची बढती होती. नव्या पदाला नवा कोट, आणि कमरेत दीड इंच. त्याच सकाळी, छावणीपासून दोन कोसांवर, नदी ओलांडण्याचा सराव चालू होता. दुसऱ्या दिवशी बाहेरून मोठे पाहुणे तो पाहायला येणार होते, म्हणून आदल्या दिवशीची ही रंगीत तालीम. सरावाचा प्रमुख होता एक कप्तान. तिशीचा, सडसडीत, मास्तरांच्या शब्दांत सांगायचे तर ‘सरळ खांद्यांचा माणूस’. आपल्या लेखी परवानगीवाचून अथवा प्रत्यक्ष आज्ञेवाचून सराव थांबवू नये, असे मोठ्या साहेबांनी त्याला कळवले होते.

अकरा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. साहेब लाकडी चौथऱ्यावर आरशासमोर उभे होते. दोन्ही बाह्या नुकत्याच टाचून झाल्या होत्या आणि मास्तर खडूने पाठीवर रेघ ओढीत होते. साहेबांनी आरशातूनच फोनकडे पाहिले आणि घ्या म्हणून हनुवटीने खुणावले. मास्तरांनी रिसीव्हर उचलला. ओठांत टाचण्या असल्याने ‘हॅलो’ म्हणण्याचा प्रश्न नव्हता. साहेबांनी मान किंचित कलती केली. मास्तरांनी रिसीव्हर त्यांच्या उजव्या कानाला लावला आणि तसाच धरून उभे राहिले.

पलीकडे कप्तान होता. आवाज मोठा होता, कारण त्याच्या मागे पाण्याचा आवाज त्याहून मोठा होता.

“साहेब, वरून पाणी सोडलंय. दोर ओढ खातोय. माणसं माघारी घ्यायला परवानगी हवी.”

साहेबांनी विचारले की उद्या पाहुण्यांना काय दाखवायचे, काठावर वाळत घातलेले जवान?

“साहेब, अकरा जण मध्यावर आहेत.”

“पाणी वाढलं की जोरात पोहायचं असतं,” साहेब म्हणाले. “चालू ठेवा.”

मग त्यांनी हनुवटी उलट दिशेला हलवली. मास्तरांनी रिसीव्हर जागेवर ठेवला. साहेब आरशात पाहत म्हणाले की कॉलर थोडी आवळते आहे. मास्तरांनी कॉलर पाव इंच सैल केली.

त्या अकरांपैकी आठ जण काठाला लागले.

दुपारी चार वाजता कार्यालयातून चिठ्ठी आली: तीन गणवेश, नवे, तातडीने, उद्या सकाळपर्यंत. मापे वहीत होती. तिघांपैकी एकाला फौजेत येऊन जेमतेम वर्ष झाले होते. त्याचा पहिला गणवेश बेतताना, वाढत्या अंगाचा आहे म्हणून मास्तरांनी बाहीत एक इंच कापड आत दुमडून ठेवले होते. या वेळी ते ठेवण्याचे काही कारण उरले नव्हते. तरी मास्तरांनी ते ठेवले. का, हे त्यांना कोणी विचारले नाही, आणि त्यांनीही सांगितले नाही.

चौकशी बसली. तिघे जण नदीत जातात तेव्हा चौकशी बसतेच. ती उठते केव्हा आणि कोणाच्या अंगावर, एवढाच प्रश्न असतो. अध्यक्ष म्हणून दुसऱ्या छावणीतले एक वरिष्ठ अधिकारी आले. त्यांना सर्दी झाली होती आणि ती चौकशी संपेपर्यंत बरी झाली नाही. कप्तानाने लिहून दिले की आपण फोनवरून माघारीची परवानगी मागितली, ती नाकारली गेली. मोठ्या साहेबांनी लिहून दिले की असा फोन आपल्याला आला नाही. हे दोन कागद समोरासमोर ठेवले असता कोणता जड आहे हे ओळखायला तराजू लागत नव्हता. कप्तानाला कामावरून दूर करण्यात आले. पाणी वाढत असता स्वतःच्या जबाबदारीवर सराव चालू ठेवला, असा त्याच्यावर ठपका येणार हे छावणीतल्या मांजरांनाही कळून चुकले. ठपका आला असता तर नोकरी गेली असती, आणि बहुधा तुरुंगही झाला असता.

अडचण एकच निघाली. फोन जोडणाऱ्या केंद्राच्या नोंदीत त्या दिवशी अकरा दहाला नदीकाठावरून शिंप्याच्या खोलीत दोन मिनिटांचे बोलणे झाल्याचे होते. मोठे साहेब त्याने विचलित झाले नाहीत. त्यांनी पुरवणी निवेदन दिले: आपण त्या वेळी त्या खोलीत होतो, हे खरे. फोन वाजला असेलही. शिंप्याने तो उचलून बाजूला ठेवला असेल. आपण तो घेणे मात्र शक्यच नव्हते, कारण आपल्या दोन्ही बाह्या टाचलेल्या होत्या आणि तशा स्थितीत हात उचलायचा नाही हा त्या खोलीचा नियम अवघ्या छावणीला माहीत आहे. शिंप्याला विचारावे.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण त्या घटकेस तसे कोणालाच वाटले नाही.

साक्षीच्या चार दिवस आधी मोठ्या साहेबांचा सहायक मास्तरांकडे आला. हा अधिकारी अत्यंत सौजन्यशील होता. त्याने एक टंकलिखित कागद पुढे ठेवला. त्यावर तीन प्रश्न होते. साहेब साडेदहा ते बारा या खोलीत होते काय? त्यांच्या दोन्ही बाह्या टाचलेल्या होत्या काय? तशा स्थितीत मनुष्य आपल्या हाताने फोन धरू शकतो काय? उत्तरे अनुक्रमे होय, होय आणि नाही अशी होती, आणि तिन्ही निखालस खरी होती. सहायकाने स्पष्ट बजावले की खोटे काही बोलायचे नाही, साहेबांना असत्याची चीड आहे. मग निघता निघता त्याने कळवळ्याने सांगितले की खोलीच्या परवान्याचे कागद साहेबांच्या टेबलावरच आहेत, सही तेवढी राहिली आहे.

मास्तरांना प्रथम हा डाव वाटला. दोन दिवस त्यांनी त्याचा मनाशी उलगडा करून पाहिला, आणि मग त्यांना वाटू लागले की डाव असेल, पण निम्माच असावा. फोन आला होता आणि आपण काय बोललो, हे साहेबांना पक्के आठवत असणार. न आठवणारी गोष्ट वेगळीच होती. पाण्याचा पेला पुढे येतो, दार उघडते, गाडी पायरीशी उभी राहते. यांतल्या कोणत्याही गोष्टीच्या टोकाला एक हात असतो, हे साहेबांच्या ध्यानात येण्याची वेळच कधी आली नव्हती. त्या दिवशी फोनही तसाच आपण होऊन कानाशी आला असणार. मास्तरांना याचा राग आला नाही. हात भरून येईपर्यंत आपण रिसीव्हर धरला होता, आणि ज्याच्यासाठी धरला त्याच्या स्मरणात तो अधांतरी होता, याचे त्यांना थोडे नवल वाटले.

रविवारी दुपारी मुलगी आणि जावई जेवायला आले. जावई छावणीच्या भांडारात कारकून होता. भांडारातल्या माणसाला सगळ्या बातम्या मालाच्या आधी पोचतात. जेवण झाल्यावर त्याने मास्तरांना समजावले की शिंप्याचे काम कपडे बेतण्याचे, माणसे बेतण्याचे नाही.

“मामा, विचारलं तेवढंच सांगा. तीन प्रश्न, तीन उत्तरं. त्यात एक अक्षर खोटं नाही. देवासमोरही चालेल.”

मास्तर म्हणाले की हो, खोटे एक अक्षर नाही.

“मग झालं तर.”

“तेच म्हणतोय मी. झालंच आहे.”

जावयाने हे संमती म्हणून घेतले आणि हात धुवायला उठला. पत्नीने मात्र नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिले. चाळीस वर्षांच्या संसारात तिला या माणसाच्या बोलण्यापेक्षा न बोलण्याचे प्रकार अधिक पाठ होते. मुलगी-जावई गेल्यावर तिने सरळ विचारले की त्या दिवशी फोनवर काय बोलणे झाले. मास्तरांनी नेहमीप्रमाणे काही विशेष नाही म्हणायला तोंड उघडले, आणि काय झाले कोण जाणे, त्यांनी सगळे सांगितले. पाणी, दोर, अकरा जण, काठावर वाळत घातलेले जवान. आपण रिसीव्हर कसा धरला होता हेही सांगितले. एकतीस वर्षांतली ही पहिली बातमी त्यांनी घरी आणली होती.

ती बाई गुंड्या लावीत बसली होती. तिने दोरा तोडला.

“आणि मग संध्याकाळी त्याच टेबलावर त्या तिघांचे कपडे बेतलेत तुम्ही?”

मास्तर म्हणाले की टेबल एकच आहे.

तिने पुढची गुंडी लावायला घेतली. थोड्या वेळाने तिने एवढेच विचारले की खोली गेली तर बाहेर भाड्याने कुठे मिळेल. मास्तर म्हणाले की चौकशी करावी लागेल. ती म्हणाली की चौकश्या तर चालूच आहेत, त्यात आणखी एक.

साक्षीच्या दिवशी मास्तर धुतलेला सदरा घालून, मापाची पट्टी नेहमीप्रमाणे गळ्यात टाकून गेले. ती गळ्यात आहे हे त्यांना तेथे पोचल्यावर कळले. खोली लांबट होती. अध्यक्षांच्या उजव्या हाताला मोठे साहेब बसले होते. डाव्या बाजूला, भिंतीजवळच्या खुर्चीवर कप्तान. मास्तरांनी त्याला दोन महिन्यांनी पाहिले आणि त्यांचे डोळे सवयीने खांद्यांवर गेले. गणवेश त्यांनीच शिवलेला. पण आता तो खांद्यावरून दोन बोटे उतरला होता आणि मानेपाशी कापडाला झोळ पडला होता. मास्तरांना ते पाहवेना. त्यांच्या हातचा कपडा असा कोणाच्या अंगावर कधी लोंबला नव्हता.

कारकुनाने प्रश्न वाचले. मास्तरांनी उत्तरे दिली: होय, होय, नाही. मोठ्या साहेबांनी समाधानाने डोळे मिटले. उरला होता शेवटचा प्रश्न, जो प्रत्येक साक्षीदाराला विचारतात आणि ज्याचे उत्तर प्रत्येक साक्षीदार एकच देतो. म्हणून कारकून वेळ वाचवण्यासाठी ते उत्तर अगोदरच टंकून ठेवीत असे. याआधीच्या एकोणीस साक्षीदारांच्या बाबतीत त्याने असेच केले होते व कोणाची तक्रार आली नव्हती. त्याने वाचले, “याहून अधिक काही सांगावयाचे आहे काय?” आणि सहीसाठी कागद मास्तरांकडे सरकवला. प्रश्नाखाली ‘नाही’ हा शब्द सुबक अक्षरात आधीच उमटलेला होता.

मास्तरांनी तो वाचला. लेखणी हातात घेतली. मग खाली ठेवली.

“हो,” ते म्हणाले. “आहे.”

कारकून म्हणाला की पण येथे ‘नाही’ लिहिले आहे.

“ते तुम्ही लिहिलंय.”

अध्यक्षांनी रुमालातून नाक बाहेर काढले आणि सांगा म्हणाले.

“साहेबांच्या बाह्या टाचलेल्या होत्या, ते खरं आहे. त्यांना फोन धरता येण्यासारखा नव्हता. म्हणून मी धरला होता.”

“कुठे?”

“साहेबांच्या कानाला. उजव्या.”

मोठ्या साहेबांनी डोळे उघडले आणि प्रथमच, अगदी बारकाईने, मास्तरांच्या हातांकडे पाहिले. अध्यक्षांनी विचारले की काय ऐकलेत. मास्तरांनी सांगितले, जसे ऐकले तसे, स्वतःचा एक शब्द न घालता, कॉलरच्या तक्रारीपर्यंत. कप्तान खाली मान घालून बसला होता. आपल्याच तोंडचे शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना त्याने एकदा ओठ हलवले.

मोठे साहेब शांतपणे म्हणाले की हा मनुष्य भला आहे, पण त्याची काही गफलत होते आहे. ट्रायलच्या वेळी त्याच्या तोंडात सतत टाचण्या असतात. असा मनुष्य काय ऐकणार?

“टाचण्या तोंडात होत्या ना?” अध्यक्ष म्हणाले. “कानात नव्हत्या.”

मग त्यांनी मास्तरांना विचारले की दुसऱ्याच्या कानाला लावलेल्या फोनमधले बोलणे तुम्हाला कसे ऐकू आले. अंतर किती होते? मास्तर म्हणाले की अंदाजाने सांगणे बरे नव्हे. ते उठले, अध्यक्षांच्या शेजारी जाऊन उभे राहिले, टेबलावरच्या फोनचा रिसीव्हर डाव्या हाताने त्यांच्या उजव्या कानाला लावला, आणि गळ्यातली पट्टी काढून त्याच्यापासून आपल्या कानापर्यंत माप घेतले.

“नऊ इंच. पाव कमी.”

कारकुनाने विचारले की ‘पाव कमी’ लिहायचे का.

“लिहा,” अध्यक्ष म्हणाले, आणि शिंकले.

टंकलेला ‘नाही’ खोडण्यात आला. खोडल्याबद्दल कारकुनाने समासात सही केली, अध्यक्षांनी सही केली आणि मास्तरांनी केली. एका शब्दाला इतक्या सह्या त्या चौकशीत दुसरीकडे कोठे झाल्या नाहीत.

निर्णयाला पाच महिने लागले. मोठ्यांच्या चुकांना फळ येते, पण ते पिकायला वेळ घेते आणि पडते तेही गवतावर. मोठ्या साहेबांच्या वर्तनाबद्दल ‘तीव्र नापसंती’ लेखी नोंदवण्यात आली. तीव्र नापसंती म्हणजे नेमके काय, असे मास्तरांनी जावयाला विचारले; जावई म्हणाला की एक पत्र असते. बढती राहून गेली. साहेब मुदतीपूर्वी पूर्ण सन्मानाने निवृत्त झाले, निरोपाचे संचलन झाले, वाद्ये वाजली. त्या तिघांच्या घरी नवी पत्रे गेली. त्यांत पूर्वीच्या पत्रांतले ‘सरावाच्या प्रमुखाच्या चुकीमुळे’ हे शब्द वगळले होते आणि त्यांच्या जागी दुसरे शब्द घातलेले नव्हते. कप्तान निर्दोष ठरला व पुन्हा कामावर रुजू झाला.

मास्तरांच्या परवान्याचे नूतनीकरण झाले नाही. साक्षीचा आणि त्याचा काही संबंध नसल्याचे पत्रात मुद्दाम नमूद केले होते. सायकली ठेवण्यास जागेची निकड निर्माण झाली होती. जावयाची बदली दूरच्या भांडारात झाली. त्याने दोन महिने सासऱ्यांशी बोलणे टाकले. मग तेथे घर ऐसपैस मिळाले म्हणून पुन्हा सुरू केले.

मास्तरांनी बसथांब्यासमोर, किल्ल्या करणाऱ्याच्या शेजारी, एक गाळा घेतला. खोलीच्या निम्मा. चौथऱ्याला जागा नव्हती. अधिकाऱ्यांपैकी कोणी फिरकले नाही. जवान येत, पँटी आखूड करून घेत, फार वेळ रेंगाळत आणि इकडचे तिकडचे बोलून जात. मूळ विषय कोणी काढीत नसे. एकाने मात्र जाता जाता मास्तरांच्या हाताला हात लावून नमस्कार केला, आणि मग ओशाळून म्हणाला की शिलाई चांगली झाली.

सातव्या आठवड्यात कप्तान आला. अंगात साधे कपडे होते. त्याने दोन साध्या पँटी शिवायच्या आहेत म्हणून सांगितले, बाहेरच्या नोकरीसाठी. फौज सोडली होती. राजीनामा मंजूर होऊन चार दिवस झाले होते. मास्तर माप घ्यायला उठले. पत्नी कोपऱ्यात काजे करीत बसली होती. तिला राहवले नाही.

“तुमच्या नोकरीपायी आमची खोली गेली. आणि तुम्ही नोकरीच सोडून आलात होय?”

मास्तर तिला अगं अगं करू लागले. कप्तान म्हणाला की राहू द्या, काकूंचे बरोबर आहे. समोरच्या थांब्यावर बस आली, भरली आणि गेली.

“मी निर्दोष ठरलो ते परवानगी मागितली म्हणून, काकू.”

“मग?”

“ती मागायलाच नको होती. समोर पाणी दिसत होतं. दोर माझ्या हातात होता.”

काजाचा टाका अर्धवट राहिला. बाईंनी नवऱ्याकडे पाहिले. मास्तर पट्टीचे टोक कप्तानाच्या कमरेशी धरून वाकलेले होते, ते तसेच थांबले.

“आणि फोन माझ्या,” ते म्हणाले.

मास्तरांनी माप पुरे केले, वहीत लिहिले, लांबी बुटावर टेकती हवी की वर, ते विचारले. कप्तान म्हणाला की वर. बाई उठल्या, आतल्या स्टोव्हवर चहाचे आधण ठेवले आणि तिसरा कप शोधू लागल्या. तो किल्लीवाल्याकडून मागून आणावा लागला.

“गुरुवारी या,” मास्तर म्हणाले.

कप्तान गुरुवारी आला. पँटी त्याला बरोबर बसल्या.